कवड्या की मण्यार

माझ्या फोनवर सापांचे फोटो येतात. चहा गाळताना येतात, लग्नाच्या पंगतीत येतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसले होते तेव्हा आला. खाली एकच ओळ असते, "बाई, हा कोणता?" पूर्वी मी पाच सेकंदांत उत्तर द्यायचे आणि त्या पाच सेकंदांचा मला अभिमान होता. आता उत्तर देत नाही. का देत नाही ते लिहायला बसले आहे. बसले आहे म्हणजे एवढ्यात दोनदा उठून अंगणात फेरी मारून आले आहे.

मी मुरबाडच्या कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. राहते शहापूरला. निवृत्तीनंतर घरात पाय ठरेना, म्हणून निसर्गसेवक तयार करण्याच्या कामात पडले. बाहेरच्या माणसाला हे काम काय ते कळत नाही. माझ्या सख्ख्या भावाला अजून वाटतं की मी सहली काढते.

काम असं आहे. आमच्या दोन तालुक्यांत जंगल पुष्कळ आणि ते राखणारी माणसं मोजकी. एका वनरक्षकाच्या वाट्याला इतका डोंगर येतो की तो एका टोकाला असला की दुसऱ्या टोकाला कुऱ्हाड चालते. शाळेतल्या पोरांच्या घरामागे शेकरू उड्या मारतो आणि पुस्तकात ती पेंग्विन वाचतात. म्हणून आम्ही गावागावांतून हौशी माणसं जमवतो. दहा रविवार शिकवतो. झाडं, पक्षी, पाऊलखुणा, साप, मुलांशी कसं बोलायचं, मोठ्यांशी कसं भांडायचं नाही. मग एकेकाला एकेक शाळा किंवा एकेक वाडी देतो. त्यानं पोरांना रानात फिरवायचं, फाल्गुनात गवताला आग लावू नका म्हणून सांगत हिंडायचं, बिबट्याचा माग दिसला तर तो गावभर न फिरवता वनरक्षकाला कळवायचा. पगार नाही. उन्हात फिरून मिळतो तो काळा रंग आणि एक प्रमाणपत्र.

माणसं नाना कारणांनी येतात. वाशिंदच्या नव्या वसाहतीतल्या एक बाई डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून आल्या. पहिल्या दिवशी अत्तर लावून आल्या होत्या आणि सगळे डास आम्हाला सोडून त्यांच्याकडे गेले. आज त्या पाचोळ्यातल्या नुसत्या सळसळीवरून भारद्वाज चाललाय की रानकोंबडी ते सांगतात. आटगावचे एक निवृत्त कारकून आले, ते प्रत्येक झाडाचं संस्कृत नाव सांगून मला दुरुस्त करायचे. एकाला निवडणुकीच्या फलकावर लावायला प्रमाणपत्रासकट फोटो हवा होता. तो दहाव्या रविवारी फोटो काढून गेला, तो गेलाच.

पण मला सांगायचं आहे ते जनार्दन आणि भीमा या दोघांविषयी.

जनार्दन वाशिंदच्या एका कारखान्यात पाळीवर काम करायचा. मूळ गाव म्हशाच्या पुढे, सिद्धगडाच्या बाजूला. वय तिशीच्या पुढे, लग्न झालेलं, बायको आणि लहान मुलगी गावीच, मुलगी तिथल्याच शाळेत. रात्रपाळी करून रविवारी सकाळी वर्गाला यायचा आणि सगळ्यांत पुढे बसायचा. वही अशी की ती पाहून मला माझ्या कॉलेजातल्या पोरांची कीव यायची. सापांच्या ओळखीत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याला शिकवताना मला वाटायचं, माझ्यामागे हा काम चालवील.

भीमा त्याच भागातल्या एका कातकरी वाडीतली. चाळिशीची असेल. दिवाळीनंतर सहा महिने वीटभट्टीवर, उरलेले गावात मजुरी. शाळेच्या गुरुजींनी आग्रह केला म्हणून आली. चित्र दाखवून मी विचारायचे, "भीमा, हा कोणता?" ती चित्राकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि म्हणायची, "नाय म्हाईत." रानात नेलं की मात्र पुढे चालायची. पण वर्गात, "नाय म्हाईत." मला राग यायचा. एकदा मी सगळ्यांसमोर बोलले, "अगं, निदान अंदाज तरी सांग." तर ती म्हणाली, "चुकीचं कशाला बोलू, बाई?" सगळे हसले. मीही हसले.

ते श्रावणातले दिवस होते. जनार्दनच्या गावच्या शाळेत आमचा तास होता. त्यानं पुढे जायचं, भीमानं वाडीवरून यायचं आणि मी शहापूरहून एसटीनं मुरबाड गाठून दुपारी पोचायचं असं ठरलं होतं.

सकाळी साडेनऊच्या सुमारास शाळेच्या स्वयंपाकखोलीत कमळताई चूल पेटवायला गेली. कमळताई म्हणजे शाळेची खिचडी शिजवणारी. पन्नाशीची, नवरा नसलेली, मुलगा कल्याणला कामाला. पोरांना पोटभर वाढून त्यांना मनसोक्त ओरडणारी. पावसात सरपण भिजू नये म्हणून भिंतीला लावून ठेवलेलं होतं. तिनं त्यातली मोळी ओढली आणि हाताच्या बोटाला काहीतरी टोचलं. मुंगी चावावी तसं. काटा असेल म्हणून तिनं बोट झटकलं, तेव्हा सरपणात काळसर काहीतरी हललं.

तिनं जनार्दनला हाक मारली. त्यानं बॅटरी लावून पाहिलं. तोंडाकडचा भाग लाकडांच्या आत होता, मागचा अर्धा दिसत होता. अंगावर आडवे पांढुरके पट्टे. बोटावर दात उमटल्याची खूण जवळजवळ नव्हतीच. सापाला हात लावायचा नाही हा आमचा पहिला नियम. तो त्यानं पाळला, दार ओढून घेतलं. त्याआधी फोटो काढला, शाळेमागच्या टेकाडावर चढला, कारण तिथेच काय ती रेंज येते, आणि तो मला पाठवला. "बाई, स्वयंपाकवाल्या मावशींना चावलाय. मला कवड्या वाटतो. तुम्ही बघा."

मी एसटीत होते. शहापूर सोडून थोडा वेळ झाला होता. खिडकीतून पावसाचं पाणी येत होतं, मांडीवर चित्रांची गुंडाळी. फोन डोळ्यांजवळ धरला. कवड्या हा निरुपद्रवी साप, घराघरांत असतो. मण्यार हा आपल्याकडचा अतिविषारी. दोघं दिसायला इतके सारखे की आम्ही त्यांच्यावर अख्खा एक तास घेतो. आणि तो तास मी घेते. फोटो अंधुक होता, बॅटरीच्या उजेडानं रंग तपकिरी दिसत होता. कवड्या तपकिरी असतो. मी लिहिलं, "कवड्याच. बिनविषारी. घाबरू नका. सोडून द्या."

पाच सेकंद.

फोन पिशवीत टाकला. शेजारच्या बाईंनी मुलीच्या लग्नाचं विचारलं, त्यांच्याशी बोलले. पण पायाला काहीतरी चावत असल्यासारखं होत होतं. किन्हवलीचा थांबा मागे गेला. मी फोन पुन्हा काढला.

कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलटं. मानेपाशी कोरं आणि शेपटीपर्यंत ठळक. शेकडो माणसांना मी हे हात नाचवून शिकवलं आहे. फोटोत फक्त शेपटीकडचा भाग होता आणि त्यावरचे पट्टे टोकापर्यंत स्वच्छ होते. मी तो फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. पट्टे तिथेच होते.

फोन लावला. जनार्दनचा लागेना. गुरुजींचा बंद. भीमाकडे फोनच नाही. संदेश पाठवला, "चूक झाली. मण्यार आहे. ताबडतोब दवाखान्यात न्या." त्यापुढे एकच खूण उमटली. म्हणजे माझ्याकडून गेला, त्याच्याकडे पोचला नाही. वरच्या चुकीच्या संदेशापुढे दोन निळ्या खुणा होत्या. म्हणजे तो वाचलेला. मी त्या एका खुणेकडे किती वेळ बघत होते सांगता येणार नाही. मी उठून दारापाशी गेले, परत जागेवर आले, परत दारापाशी.

कंडक्टर म्हणाला, "बाई, बसून घ्या. पडाल."

मी म्हटलं, "दादा, गाडी जरा पळवायला सांगा. एका बाईला साप चावलाय."

"कुठं?"

"म्हशाच्या पुढं."

तो म्हणाला, "म्हशाच्या पुढं चावला नि तुमी इथं काय करताय?"

मी पुन्हा जनार्दनचा नंबर लावला.

मण्यारीचं विष चढतं ते न सांगता चढतं. सूज नाही, फारशी वेदना नाही. माणूस आपला कामात असतो. मग पापण्या जड होतात, जीभ जड होते आणि शेवटी श्वास. हे सगळं मला पाठ होतं आणि पाठ असल्यामुळे मी मिनिटं मोजत होते. आता ती तांदूळ धूत असेल. आता चूल फुंकत असेल. फुंकताना श्वास पुरत असेल ना?

मुरबाडला उतरून तालुक्याच्या रुग्णालयात धावत गेले. तिथे कोणी आणलेलं नव्हतं. डॉक्टरांना सांगून ठेवलं, त्यांनी तयारी करतो म्हटलं. मग बाहेर आले आणि मला कळेना, इथे थांबू की पुढे जाऊ. थांबवेना. एक रिक्षा केली. म्हशाच्या अलीकडे समोरून एक पांढरी गाडी आली, खिडकीतून एक हात बाहेर काढून कोणीतरी जोरजोरात हलवत होतं. भीमा होती.

मी त्या गाडीत कशीबशी शिरले. मागच्या सीटवर कमळताई भीमाच्या खांद्यावर मान टाकून होती. डोळे अर्धे मिटलेले. काहीतरी बोलत होती, शब्द ओले, जड. तिचा हात ओढणीनं एका फळीला बांधलेला होता, हलू नये म्हणून. कुठे चिरलेलं नव्हतं, आवळून बांधलेलं नव्हतं. एवढं मात्र आमच्याच वर्गात शिकवलेलं होतं, आणि त्या क्षणीही मला त्याचं बरं वाटलं, याची आज लाज वाटते. पुढच्या सीटवर जनार्दन. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"कधी निघालात?" मी विचारलं.

"मी दहा वाजता आले तर ही खिचडी घोटत होती," भीमा म्हणाली. "पोरं बोलली, मावशीला साप चावला. मी याला बोलले, चल दवाखान्यात. हा बोलला, बाईंचा मेसेज आलाय, बिनविषारी हाय. दाखवला मला फोन."

"मग?"

"मंग काय? मी बोलले, बाई इथं नाय. ही इथं हाय."

"तुला ओळखू आला होता का गं? मण्यार आहे म्हणून?"

"नाय म्हाईत कोनचा तो. मी बगितला पन नाय. चावला ना? मंग चला. माझी भन अशीच गेली, बाई. सगले बोलत बसले कोनचा हाय, कोनचा हाय."

गावातल्या कोणीतरी आधी भगताकडे न्या म्हटलं होतं. भीमा त्याला म्हणाली होती, भगताला निरोप दे, आमी येताना भेटतो. मग तिनंच रस्त्यावर उभं राहून ही गाडी थांबवली होती.

रुग्णालयात प्रतिविष सुरू झालं. पण दुपारपर्यंत कमळताईला पापणी उचलता येईना, श्वास तुटायला लागला. रुग्णवाहिकेतून तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं, तिथे श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. चौथ्या दिवशी नळी निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. त्या सरपणातला साप वनखात्याच्या माणसानं त्याच दुपारी काढला. मण्यारच.

आता मला जे सांगायला जड जातं ते.

त्या दिवशी रुग्णवाहिका गेल्यावर व्हरांड्यात जनार्दन माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाई, तुमचा मेसेज मी काढून टाकलाय. गुरुजींना नि वनरक्षकांना बोललो, माझाच अंदाज चुकला. तुमचं नाव घेतलं तर सगळं कामच बुडेल. माझं काय, मी शिकाऊ."

मी म्हणायला हवं होतं, असं करू नकोस. मी म्हटलं, "कमळताई बरी होऊ दे आधी." बस. गप्प राहायला माणसाला किती सभ्य वाक्यं सापडतात!

शाळेनं जनार्दनला यायला बंदी केली. गावातली पोरं त्याला "कवड्या" म्हणून हाका मारू लागली. त्याच्या मुलीलाही शाळेत "कवड्याची पोर" म्हणाले. हे मला भीमानं सांगितलं, सांगताना माझ्याकडे बघत होती. तिनं फोनवरचा मेसेज पाहिला होता, पण तिला वाचता येत होतं ते अडखळत, त्यामुळे तिला किती कळलं होतं याचा मी हिशेब करत बसायचे. अशी माणसं असतात, जी स्वतःची लाज वाचवायला दुसऱ्याच्या अक्षरओळखीचा आधार घेतात. मी त्यातली निघाले.

जवळजवळ दोन महिने मी वर्ग घेतले. झाडं शिकवली, पक्षी शिकवले, सापांचा रविवार पुढे ढकलत राहिले. घरी एका जागी बसवत नव्हतं. भाजी चिरता चिरता उठायचे. शेवटी दसऱ्यानंतर शाळा समितीची बैठक होती, तिथे उभी राहून मी सांगितलं. फोन पुढे ठेवला. माझ्या फोनमधून तो संदेश मी पुसला नव्हता. पुसायला बोट गेलं होतं, खोटं कशाला बोलू.

समितीनं आमचे वर्ग वर्षभर बंद ठेवले. बरोबरच केलं. वनरक्षक मला नमस्कार करून निघून गेले. जनार्दन मात्र चिडला. मी त्याला दोन दिवस आधीच सांगितलं होतं की मी बोलणार. तो म्हणाला, "बाई, मी एवढं सोसलं ते वाया घालवताय. बोलायचंच होतं तर पहिल्या दिवशी बोलायचं." त्यानंतर तो वर्गाला आला नाही. वाशिंदला कधी समोर आला तर थांबतो, घरच्यांची चौकशी करतो, मुलगी कितवीत आहे ते सांगतो. पक्ष्यांबद्दल बोलत नाही. माझ्या हातून गेलेला सगळ्यांत चांगला विद्यार्थी.

वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा सापांचा तास मी भीमाला दिला. ती चित्रं दाखवत नाही. एकाला खाली झोपवते, त्याचा हात फळीला बांधते आणि दुसऱ्याला म्हणते, आता गाडी आन. गाडी कुठून आणायची, कोणाकडे असते, पावसात रस्ता बंद असला तर कोणत्या बाजूनं न्यायचं, कोणत्या दवाखान्यात औषध असतं, यावरच तिचा तास संपतो. ओळख पटवायची हौस असलेले कंटाळतात. कंटाळू देत. माझ्या फोनवर फोटो आला तर मी एकच उलट विचारते, "कोणाला चावलाय का?" आणि हो म्हटलं तर फोटो उघडतसुद्धा नाही, रस्ता धरायला सांगते.

पण समितीत उभी राहण्याच्या दोन दिवस आधी मी कमळताईच्या घरी गेले होते, ते शेवटी सांगायचं ठेवलं.

ती ओटीवर बसून सुपात उडीद पाखडत होती. आवाज अजून थोडा बसका होता, पण शाळेत परत जायला लागली होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "कमळताई, त्या दिवशी साप बिनविषारी आहे असं जनार्दन नाही बोलला. मी बोलले."

तिचं सूप थांबलं नाही. "मला म्हाईत हाय."

"कोणी सांगितलं?"

"त्यानंच वाचून दाखवला ना तुमचा मेसेज. घाबरू नका, सोडून द्या. दोनदा वाचला. मी बोलले, बाई बोलतात म्हंजे झालं. नि तांदूळ वैरले."

मी विचारलं, "मग तुम्ही कुणाला सांगितलं कसं नाही? त्या बिचाऱ्याला सगळे नावं ठेवतात."

"माझी जीब जड झाली ती पंधरा दिवस. मंग त्यानंच येऊन हात जोडले, मावशी, बाईंचं नाव घेऊ नका. मी त्याला बोलले, नाय घेत. ज्यांनी लिवलं ते येतील सांगायला." तिनं खडा वेचून अंगणात टाकला. "हास्पिटलात तुमी चार वेळा आलात, बाई. दर वेळी केळी. मला वाटायचं, आज बोलतील. तुमी केळी ठेवायच्या, पायाला हात लावून बगायच्या नि जायच्या. मला केळी आवडत पन नाय."

मी मान खाली घातली. तिनं "असू दे" म्हटलं नाही. मी त्याची वाट बघत होते, आणि ते तिला कळत होतं असं मला वाटतं. कोंबड्या सुपाभोवती जमल्या होत्या, त्यांना तिनं हाकललं.

"जनार्दनला बोललात का, तुमी सगळ्यांना सांगनार म्हनून?"

"नाही अजून. आधी तुमच्याकडे आले."

तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"मी जित्ती हाय, बाई. माझं काय घाईचं नाय. त्याच्या पोरीला रोज शाळेत जावं लागतं. तुमी इथं कशाला बसल्यात?"

मी उठले.